वीट : खेळातली आणि श्रमातली

भिलाई हे नाव उच्चारले की डोळ्यांसमोर पोलाद उभे राहते. विटेची आठवण सहसा कोणास होत नाही. वस्तुतः पोलादाचा कारखाना विटेवाचून चालूच शकत नाही. झोतभट्टीच्या पोलादी कवचाच्या आत अग्निरोधक विटांचे जाड अस्तर असते. वितळलेल्या लोखंडाची धग ते अस्तर सोसते, म्हणूनच बाहेरचे कवच टिकते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला, त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख टन पोलादाचे उद्दिष्ट समोर ठेवून उभारलेल्या त्या कारखान्याभोवती एक संपूर्ण नगर वसविण्यात आले. ते आधी नकाशावर आखले गेले आणि मग सेक्टरांच्या रूपाने जमिनीवर उतरले.

असे नगर उभे राहते तेव्हा विटांच्या राशीजवळ दोन प्रकारचे बालपण वावरत असते. बांधून झालेल्या घरात राहावयास आलेल्या कुटुंबाचे मूल उरलेल्या चार विटा गोळा करून त्यांचे घर मांडते, पूल रचते, तो कोसळला की पुन्हा रचते. त्याच राशीपासून काही पावलांवर, डोक्यावर विटा वाहणाऱ्या स्त्रीचे मूल सावलीच्या शोधात बसलेले असते. या भागात बांधकामावरील मजूर स्त्रीला ‘रेजा’ म्हणतात. रेजाचे मूल थोडे मोठे झाले की धाकट्या भावंडाला सांभाळते आणि आणखी मोठे झाले की स्वतःच विटा उचलू लागते. वीट तीच, एकाच्या हातात ती शिक्षणाचे साधन होते आणि दुसऱ्याच्या डोक्यावर ओझे. मुलांच्या खेळातील विटेचा इतिहास सांगावयाचा, तर तिचे ही दोन्ही रूपे ध्यानात ठेवावी लागतात.

विटा-दगड रचून खेळणे ही कल्पना महाराष्ट्राला कोणी बाहेरून आणून दिलेली नाही. दिवाळीची सुट्टी लागली की वाड्यांच्या अंगणांत आणि चाळींच्या कोपऱ्यांत मुले किल्ला करू लागतात. फुटक्या विटा आणि दगड यांचा डोंगर रचावयाचा, त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरावयाचे, बुरूज आणि तट उभारावयाचे, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवावयाची आणि शेवटी मातीचे मावळे जागोजाग उभे करून सिंहासनावर शिवाजी महाराज बसवावयाचे. किती उतारावर ओली माती घसरते, तटाच्या पायाशी मोठा दगड का लागतो, पायवाट सरळ न नेता वळणे घेत का न्यावी लागते, हे सारे मुलांना त्या चार दिवसांत कळते. भातुकलीत तीन विटांची चूल मांडणारी मुलगीही हेच करीत असते. भांडे डगमगले की कोणती वीट सरकवावयाची, हे तिला कोणी शिकवलेले नसते.

परंतु या खेळाला शिक्षण म्हणण्याची रीत मात्र आपल्याकडे नव्हती. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवी आणि पाढे, पावकी, निमकी तालावर घोकून पाठ करी. घोकंपट्टीचेही काही गुण होते. त्या शाळेतून निघालेले मूल तोंडी हिशेबात सहसा चुकत नसे. तरीही शाळा म्हणजे एका जागी बसणे आणि खेळ म्हणजे शाळेतून सुटणे ही वाटणी पक्की होती. खेळत असलेले मूलच शिकत असते, हा विचार शास्त्र म्हणून मांडला गेला तो जर्मनीत, आणि मांडणारा गृहस्थ एके काळी खनिजांच्या स्फटिकांचा अभ्यास करीत होता.

फ्रीडरिख फ्रोबेल याचा जन्म १७८२ चा. बर्लिनमध्ये असताना त्याने वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केले. ओबडधोबड दिसणाऱ्या दगडाच्या आत नियमबद्ध आकार दडलेले असतात, ही गोष्ट त्याच्या मनावर खोल उमटली. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान हे नाव दिले. मुलांच्या हाती द्यावयाच्या वस्तूंना तो ‘देणग्या’ म्हणे. पहिली देणगी लोकरीच्या चेंडूंची. तिसरी देणगी म्हणजे लाकडाचा एक घन, जो आठ लहान घनांत सुटा होतो. चौथ्या देणगीतही तेवढाच घन असतो. मात्र त्याचे आठ तुकडे विटेच्या आकाराचे असतात. पुढील देणग्यांत तुकड्यांची संख्या वाढत जाते.

त्या चौथ्या देणगीतील वीट दोन इंच लांब, एक इंच रुंद आणि अर्धा इंच जाड असते. म्हणजे तिची जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण एकास दोनास चार असे पडते. सिंधू संस्कृतीच्या नगरांतील भाजलेल्या विटांचे प्रमाण हेच आहे, आणि त्या विटा चार हजार वर्षांहून अधिक जुन्या आहेत. पुढे न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली आपली शाळा सुरू करणाऱ्या कॅरोलिन प्रॅट यांनी मुलांसाठी जे लाकडी ठोकळे घडविले, त्यांतील मूळ ठोकळ्याचे प्रमाणही तेच ठेवले. हे जुळणे केवळ योगायोगाचे नाही. विटेची लांबी रुंदीच्या दुप्पट असली की दोन आडव्या विटांवर एक उभी विट नेमकी बसते आणि एका थराचे सांधे दुसऱ्या थराने झाकता येतात. मोहेंजोदडोच्या गवंड्याला भिंत पक्की करण्यासाठी जे प्रमाण हवे होते, तेच प्रमाण मुलाच्या हाताला संख्यांचे नाते समजावून देते. दोन विटा एकीवर एक ठेवल्या की त्यांची जाडी एका विटेच्या रुंदीएवढी होते, चार ठेवल्या की लांबीएवढी. अपूर्णांक हा शब्द कानांवर पडण्याच्या कितीतरी आधी अर्धा आणि पाव मुलाच्या बोटांत मुरलेले असतात.

फ्रोबेलचे दोन नियम लक्षात घेण्याजोगे आहेत. जे काही रचावयाचे त्यात सर्व तुकडे वापरले गेले पाहिजेत, एकही उरता कामा नये, हा पहिला. एक रचना झाली की ती धाडकन पाडू नये, तिच्यातील एकेक तुकडा सरकवीत तिचीच दुसरी रचना करावी, हा दुसरा. खुर्चीचे घर व्हावे, घराचे देऊळ व्हावे, देवळाची नक्षी व्हावी. वस्तूंचे रूप पालटते, परंतु त्यांची संख्या कायम राहते, हा बोध त्यातून मुलाला आपोआप होतो. या निरुपद्रवी खेळाचेही राज्यकर्त्यांना भय वाटले. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने बालोद्यानांवर बंदी घातली, आणि पुढच्याच वर्षी फ्रोबेलचा अंत झाला. बंदी उठली ती १८६० मध्ये. तोवर त्याचे अनुयायी परदेशी पांगले होते आणि त्यांच्याबरोबर त्या लाकडी पेट्याही जगभर गेल्या.

मराठी समाजात हा विचार आणणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी येते. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियात त्यांनी बालोद्यान पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले तेव्हा ती पद्धत आपल्या कार्यात आणली. विधवा स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे करावयाचे तर त्यांना शिक्षिका करावे आणि शिक्षिका करावयाचे तर लहान मुलांना हसत-खेळत शिकविण्याचे शास्त्र त्यांच्या हाती द्यावे, अशी ही विचारसरणी होती. ज्या समाजात विधवेची सावलीही अशुभ मानली जाई, तेथे तिच्याभोवती मुलांचा मेळा जमविण्याची ही योजना होती, हे विसरून चालणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी आणखी एक पाऊल टाकले. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साहित्यातील गुलाबी मनोरा सर्वांना ठाऊक आहे. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणारे दहा घन मुलाने मोठ्यावर लहान असे रचावयाचे. एखादा घन चुकीच्या जागी गेला तर मनोराच ते सांगतो. बाईंना रागे भरावे लागत नाही. चूक वस्तूने दाखवावी, माणसाने दाखवून मुलाला खजील करू नये, हे या साधनांचे मर्म होय.

भावनगर येथे १९२० साली गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले आणि माँटेसरींची पद्धत भारतीय वातावरणात रुजविली. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, त्यांना एक मराठी सहकारी लाभल्या. त्या म्हणजे ताराबाई मोडक. १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होत्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, शिक्षण पत्रिका निघू लागली आणि बालशिक्षण हा विषय सुशिक्षित घरांत बोलला जाऊ लागला. १९३९ च्या जून महिन्यात गिजुभाई निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतः माँटेसरी भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. या काळात मोठ्या शहरांतून बालमंदिरे निघाली, परंतु त्यांत येणारी मुले बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरांतील होती. ठरावीक मापाचे, गुळगुळीत रंगविलेले ते साहित्य महाग होते. रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत भारतात येईपर्यंत श्रीमंतांची होऊन बसली होती.

ताराबाईंचे मोठेपण येथे दिसते. शहरात नावारूपाला आलेले काम मागे ठेवून १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य, असे प्राक्तन वाट्याला आलेल्या अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पस्तिसाव्या वर्षी या कामात शिरल्या, त्या अखेरपर्यंत. बोर्डीत लाकडी घन आणि मनोरे कोठून आणावयाचे? त्यांनी आजूबाजूला पाहिले. समुद्रकाठी शंख-शिंपले होते, ओढ्यात गोटे होते, झाडांखाली बिया होत्या आणि माती तर सर्वत्र होती. लहान-मोठे क्रमाने लावावयाचे तर शिंपले लावता येतात, मोजावयाचे तर चिंचोके मोजता येतात, रचावयाचे तर गोटे रचता येतात. साहित्य बदलले, परंतु त्यामागचे तत्त्व रेसभरही ढळले नाही.

दुसरी अडचण याहून कठीण होती. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. कोणाच्या कडेवर भावंड होते, कोणाला घालावयास वस्त्र नव्हते, तर कोणाला उंबरठा ओलांडण्याची भीती वाटे. तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली, आणि त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मला. १९५७ साली संस्था कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींच्या प्रदेशात गेली. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा थेट कुरणात भरू लागली. तिचे नाव कुरणशाळा. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण किताब मिळाला. १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत कोसबाडचे काम सांभाळले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. देशातील खेड्याखेड्यांत आज उच्चारला जाणारा हा शब्द एका मराठी बाईच्या वस्तीवरील अनुभवातून आला आहे.

याच सुमारास वर्ध्याजवळ सेवाग्रामात वेगळा प्रयोग चालू होता. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या परिषदेतून नई तालीम पुढे आली. हाताच्या उद्योगातून बुद्धी घडवावी, हा गांधीजींचा आग्रह. १९४५ मध्ये या शिक्षणाची कक्षा वाढवून तीत लहान मुलांचाही समावेश करण्यात आला. येथे एक शंका मनात येणे साहजिक आहे. काम हेच शिक्षण असेल, तर वीटभट्टीवर राबणारे मूलही शिकतच असते, असे का म्हणू नये? त्याचे उत्तर खेळाच्या स्वरूपातच सापडते. खेळणारे मूल आपली भिंत हवी तेव्हा थांबवू शकते, पाडू शकते, वाकडी बांधू शकते. एक वीट दुसरीच्या कडेबाहेर किती सरकवता येईल, याचा ते शोध घेते. निम्म्यापेक्षा अधिक सरकवली की ती पडते, हे त्याला दहा वेळा पाडून कळते. गुरुत्वमध्य हे त्या अनुभवाचे पुस्तकातील नाव आहे. भट्टीवरील मुलाला वीट पाडण्याची मुभा नसते. तेथे मोडलेल्या विटेची किंमत आईबापांच्या हिशेबात धरली जाते. ज्या कामात चुकण्याचे स्वातंत्र्य नाही, त्यात शिकणे फार थोडे असते. नई तालीममध्ये उद्योग शिक्षकाच्या देखरेखीखाली, मुलाच्या वाढीसाठी योजलेला होता. मजुरीत मूल कामासाठी असते.

बांधकामावरील मुलांकडे प्रथम जाणीवपूर्वक पाहिले गेले ते १९६९ साली. दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने चाललेल्या बांधकामावर मीरा महादेवन यांना मजुरांची मुले धुळीत पडलेली दिसली, आणि त्यांनी तेथेच तंबूत पाळणाघर थाटले. बांधकाम संपले की पाळणाघर पुढच्या बांधकामावर जाई. पुढे मुंबईत आणि पुण्यातही असे काम उभे राहिले. ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा काढल्या. कच्च्या विटा एकीवर एक रचून, चुना-सिमेंटाशिवाय उभारलेल्या झोपडीला भट्टीवर भोंगा म्हणतात. मजुरांची कुटुंबे हंगामभर त्यातच राहतात. ज्या विटांनी त्या मुलांचे बालपण व्यापले होते, त्याच विटांची शाळा झाली. बोर्डी आणि कोसबाड यांचा समावेश आज ज्या पालघर जिल्ह्यात होतो, त्याच मुलखातील ही गोष्ट आहे.

इकडे सुखवस्तू घरांतील विटेचे रूपही पालटले. डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या लेगो कारखान्याने एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटेच्या पेटंटासाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. भिलाईची पहिली भट्टी पेटण्याच्या जेमतेम वर्षभर आधीची ही घटना होय. या विटेने मुलांना उंच मनोरे आणि चाके फिरणाऱ्या गाड्या बांधण्याची सोय करून दिली. मात्र खुंट्यांनी जखडलेली वीट सहसा ढळत नाही. त्यामुळे तोल सांभाळण्याचा जो धडा सुटा ठोकळा देतो, तो तिच्यात काहीसा मागे पडतो. प्रत्येक खेळणे आपापला धडा देते. म्हणून महाग खेळण्याने साध्या खेळण्याची जागा घेतली असे मानण्याचे कारण नाही.

भिलाई आज छत्तीसगड राज्यात आहे. २०१६ साली तिच्या नावाने आयआयटी सुरू झाली, आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांची तयारी हा तेथील घराघरांतला विषय झाला आहे. परीक्षेची ही घाई आता शिशुवर्गापर्यंत पोचली असून तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देण्याची चढाओढ गावोगाव दिसते. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि त्यासाठीचा कायदा २०१० पासून अमलात आला. सहा वर्षांखालील मुलांचा भार मात्र मार्गदर्शक तत्त्वांवरच राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळाला मध्यवर्ती स्थान दिले. २०२३ च्या फेब्रुवारीत ‘जादुई पिटारा’ नावाची खेळसाहित्याची पेटीही प्रसिद्ध झाली. फ्रोबेलच्या पेटीपासून या पिटाऱ्यापर्यंतचा प्रवास पावणेदोनशे वर्षांहून मोठा आहे.

ताराबाईंनी पेटीची वाट पाहिली नाही, ही गोष्ट या प्रवासात विशेष मोलाची वाटते. मुलाला रचावयास काहीतरी हवे, पसरावयास हातभर जमीन हवी, पडल्यावर पुन्हा रचण्याइतका वेळ हवा, आणि जवळपास असे एखादे मोठे माणूस हवे की जे पाहील पण हात घालणार नाही. यांपैकी पहिली गोष्ट कोठेही मिळते. उरलेल्या तिन्ही मात्र श्रीमंताच्या घरी शिकवणीमुळे आणि मजुराच्या घरी मजुरीमुळे दुर्मिळ होत आहेत. भिलाईसारखी नगरे बांधणाऱ्या हातांनी देशाला पोलाद दिले. त्या हातांच्या मुलांना विटा वाहण्याआधी विटा रचावयास मिळाल्या, तर त्या श्रमांचे थोडेसे ऋण फिटेल.